दौलतनानांचा स्टॉक

दौलतनानांकडे पाहुणा आला की त्याला पाणी नंतर मिळतं. आधी फ्रीजर दाखवला जातो. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणलेला हा पेटीसारखा आडवा फ्रीजर त्यांनी थेट बैठकीतच ठेवलाय. नाना झाकण उचलतात आणि म्हणतात, "देख, स्टॉक देख!"

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, इथे तळोद्याच्या शाळेत शिक्षिका. माहेर-सासर दोन्ही नाशिकचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, नाना कुल्फी विकतात. आत डोकावले तर भाजलेल्या वांग्यांचा गर, तुरीचे दाणे, हिरवा हरभरा, शेवभाजीचं वाटण, पुरणाचे गोळे! कोठीच्या खोलीत बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, कुरडया नि शेवेचे डबे पार छतापर्यंत. सगळं स्वतः केलेलं. फक्त तुरी सोलायला, गप्पा मारायला येईल त्याला बसवायचं. एकदा मत मागायला आलेला उमेदवारही अर्धा किलो सोलून गेला.

नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात धडगावच्या घाटात गेली. "घाटमा पंप भेटत नही माय," ते सांगतात, "टाकी घरथीनच फुल्ल पाहिजे." नानी गेल्यावर स्वयंपाकघरालाही त्यांनी हाच नियम लावला.

त्या नियमाने माझी अब्रू वाचवली. एका रविवारी अक्कलकुव्याच्या लग्नाला निघालेले सासरचे सहा जण वाटेत न कळवता आमच्याकडे टपकले. घरात चार अंडी आणि सासूबाई शाकाहारी. जिन्यातून नानांचा आवाज आला, "कितला जन शेतस?"

"सहा!"

"बठाड त्यासले."

अर्ध्या तासात भरीत, शेवभाजी, तळलेले बिबडे वर आले. भाकऱ्या तेवढ्या माझ्या. सून तळोद्याला जाऊन सुधारली, असं सासूबाई अजून सांगतात. मी खुलासा केलेला नाही. नानांनीही नाही.

उन्हाळ्यात लाईट गेली की नाना फ्रीजरवर दोन गोधड्या टाकतात आणि स्वतः वर चढून बसतात, कोणी झाकण उघडू नये म्हणून. "झाकन उघाडं का थंडाई गयी!" एकदा ते तिथेच मांडी घालून तीन तास बसले होते. शेजारच्या आजी देव समजून हात जोडून गेल्या.

गेल्या श्रावणात मात्र दोन दिवस नानांचं दार उघडलं नाही. मी खाली गेले. नाना तापाने फणफणले होते. उशाशी गार झालेला चहा आणि मुरमुऱ्यांची पुडी.

"नाना, एवढा फ्रीजर भरलेला आणि मुरमुरे खाताय?"

मी तडक झाकण उचललं. प्रत्येक पाकिटावर मार्करने आकडा होता. पाच. सहा. आठ. पुन्हा पाच. तळापर्यंत उपसलं. "एकट्याचं पाकीट कुठंय?"

नानांनी भिंतीकडे तोंड केलं. "एकलासाठे कोन पाकीट फोडस माय? एकदाव पघळनं का परत ठेवता येत नही."

"मग रोज काय खाता?"

"भाकर शे. मिरची शे."

पाचाची पाकिटं सुरतच्या लेकीसाठी. ती, जावई, दोन नातवंडं आणि नाना. लेकीकडचे वर्षातून दोनदा येतात. तीन वर्षं मी या घरात राहतेय, आणि नाना जेवतात काय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी पाचाचं भरीत बाहेर काढलं. नवऱ्याला, मुलीला आणि शेजारच्या आजींना खाली बोलावलं. नानांच्या खाटेभोवती आम्ही ताटं मांडली. "मीठ कमी शे," असं म्हणत नानांनी दीड भाकरी खाल्ली.

आठवड्याने दार वाजलं. नाना उभे. हातात मोकळी पाकिटं आणि मार्कर.

"माय, तुम्हना घरमा कितला जन?"

"तीन."

मार्करचं टोपण काढत ते जरा घुटमळले.

"मंग चार लिखस."