पापनिवेदनाचं नवं दार

शनिवारी संध्याकाळी सुताराची बायको चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत बसली होती, आणि तिचा नवरा पापनिवेदनाच्या खोलीत जाऊन बराच वेळ झाला होता. एरवी तो आत जाई आणि ती चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवते न चढवते तोच बाहेर येई. त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसे. सगळे त्याला ‘बिनचूक’ म्हणत. हे नाव त्याच्या कपाटांवरून पडलं की त्याच्या वागण्यावरून, हे आता कोणालाच आठवत नव्हतं.

ही खोली नवी होती. म्हातारे फादर होते तोवर चर्चच्या कोपऱ्यात एक लाकडी पिंजरा होता आणि त्याला पडदा होता. फादरांना कमी ऐकू येई, त्यामुळे पाप जरा मोठ्यानं सांगावं लागे. “कोणाची सायकल? पुन्हा सांग,” असं फादर विचारत आणि रांगेतल्यांचा वेळ बरा जाई. मग नवे, तरुण फादर आले. त्यांना हे पटलं नाही. त्यांनी पिंजरा काढून एक छोटीशी खोली करून घेतली. मध्ये जाळी, जाळीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, दोघांना मिळून एकच दार, आणि दारावर लाल दिवा. आत माणूस बसला की दिवा लागे. दिवा लागलेला असताना दाराला हात लावायचा नाही, हे फादरांनी लागोपाठ तीन रविवार वेदीवरून सांगितलं होतं. मोबाइल प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकायचे, हा नियमही त्यांचाच. इतरांना उदाहरण म्हणून ते स्वतःचा मोबाइल सगळ्यात आधी टाकत.

दार बिनचूकनं करून दिलं होतं, देणगी म्हणून. आतून जाड लोकरी कापड लावलेलं. “फादर, यातून हवा जाईल, शब्द जाणार नाही,” असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं.

बायकोच्या मागेच बेकरीवाली बसली होती. खरं तर बेकरीवाली मागे बसावी अशा बेतानंच बायको पुढे बसली होती. तिच्या मुलीचं आणि बेकरीवालीच्या मुलाचं जमलं होतं. जमत नव्हतं ते फक्त बेकरीवालीचं. महिनाभर ती नुसतं “बघू” म्हणत होती. इकडे मुलीचं जेवण निम्म्यावर आलं होतं आणि रडणं दुपटीवर गेलं होतं. आज काही झालं तरी होकार घेऊनच घरी जायचं, असं बायकोनं ठरवलं होतं.

“बराच वेळ झाला नाही?” बेकरीवाली म्हणाली.

“फादर उपदेश करत असतील.”

“उपदेश पाप बघूनच करतात हो.”

बेकरीवालीच्या मागे निवृत्त नर्सबाई होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी नाडी पाहणं सोडलं होतं, निदान करणं सोडलं नव्हतं.

“माझ्या भावाला एकदा एवढा वेळ लागला होता,” त्या म्हणाल्या. “पण तो कित्येक वर्षांनी गेला होता. तुमचे तर दर शनिवारी जातात ना?”

“हो, अगदी न चुकता.”

“म्हणजे हे सगळं या आठवड्यातलं.”

तेवढ्यात आतून आवाज आला. धप्प. धप्प. धप्प.

“छाती बडवून घेतायत,” नर्सबाई हळूच म्हणाल्या.

सगळ्या रांगेनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली. दुसऱ्याचा पश्चात्ताप ऐकणं बरं नव्हे, म्हणून सगळे उठून दोन बाकं मागे जाऊन बसले. वर माळ्यावर गायकवृंदाची तालीम चालू होती. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी खालची हालचाल पाहिली, प्रसंग ओळखला आणि माणसाची लाज झाकली जावी म्हणून ऑर्गनचा आवाज होता तेवढा सोडला. त्याबरोबर आतली धपधपही वाढली. मग आतून दोन माणसांचा मिळून एक अस्पष्ट घोगरा आवाज येऊ लागला.

“फादरसुद्धा ओरडतायत!”

“फादर कधी ओरडत नाहीत.”

“म्हणून तर म्हणते.”

रांग आणखी एक बाक मागे सरकली.

बायकोच्या डोक्यात सगळा आठवडा फिरू लागला. सोमवारी तो उशिरा आला होता. शाळेची बाकं दुरुस्त करत होतो म्हणाला. मंगळवारी जेवताना गप्प होता. दाढ दुखते म्हणाला. आणि गुरुवारी त्यानं काही कारण नसताना तिला विचारलं होतं, “दमलीस का?” लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता त्याच प्रश्नाचा संशय येऊ लागला.

मिस्साची, म्हणजे संध्याकाळच्या सामूहिक उपासनेची, वेळ झाली. चर्च भरलं. घंटा वाजवणारे काका दोरी हातात धरून उभे राहिले. “वाजवू का?”

“फादर कुठायत?”

“आत.”

“मग उघडून बघा ना कोणीतरी.”

“दिवा लाल आहे,” काका म्हणाले. “तुम्हीच उघडा. मला नको ते सुताराचं पाप माझ्या कानात. मला रात्री झोप लागायला हवी.”

कोणीही उठलं नाही. उठली ती बेकरीवाली, आणि तीही पर्स उचलून. “येते मी वहिनी. आपल्या त्या विषयाचं काय ते...”

“थांबा,” बायको म्हणाली. ती ताडकन उठली. पाप नवऱ्याचं असेल, पण मुलगी दोघांची होती. सगळ्या चर्चच्या देखत ती तरातरा चालत गेली, लाल दिव्याखाली उभी राहिली आणि दाराचं हँडल फिरवलं.

दार लोण्यासारखं उघडलं.

आत फादर कॉलर सैल करून भजनाच्या पुस्तकानं वारा घेत बसले होते. नवरा घामानं निथळत उभा होता. त्याच्या एका हातात त्याचाच बूट होता. दुसरा हात खिशात होता आणि तो त्यानं बाहेर काढला नाही.

“सुटलो!” फादर म्हणाले, आणि मग त्यांना समोर पूर्ण भरलेलं चर्च दिसलं.

“फादर, काय झालं होतं?” नर्सबाईंनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं.

फादरांनी तोंड उघडलं. सुताराकडे पाहिलं. सुतार छताचे वासे तपासत होता. फादरांनी तोंड मिटलं.

“मी... सांगू शकत नाही,” ते म्हणाले. “पापनिवेदनात ऐकलेलं फादरनं बाहेर काढायचं नसतं.”

एवढी शांतता फादरांना त्यांच्या कुठल्याही प्रवचनात मिळाली नव्हती.

मिस्सा कधी सुरू झाली आणि कधी संपली हे बायकोला कळलं नाही. बाहेर पायऱ्यांवर बेकरीवाली तिची वाट पाहत थांबली होती. आता नकारच ऐकायचा, म्हणून बायकोनं मान खाली घातली.

“वहिनी, महिनाभर मी का टाळत होते सांगू? भीती वाटत होती.”

“कसली?”

“तुमच्या घराची! दादा असे बिनचूक, तुमच्या घरात चमचासुद्धा वाकडा नाही. आमच्याकडचं तुम्हाला काय सांगू? आमचे हे रागावून किती वेळा घर सोडून गेलेत, कधी दुपारच्या जेवणाआधीच परत आलेत. माझ्या भावाला सगळे पोलीस नावानं ओळखतात. मुलगा गुणी आहे, पण प्रवचन सुरू झालं की घोरतो. आयुष्यभर तुमच्यापुढे अंग चोरून बसायचं म्हणजे जिवावर आलं होतं हो.” तिनं बायकोचा हात हातात घेतला. “आज कळलं, दादाही माणूसच आहेत.”

“हो,” बायको म्हणाली. “तसे... माणूसच आहेत.”

“काय केलं ते मी विचारणार नाही.”

“नका विचारू.”

“उद्या दुपारी आम्ही घरी येतो. तारीख ठरवून टाकू.”

घरी गेल्यावर बायकोनं मुलीला आधी आनंदाची बातमी दिली, मग नवऱ्याला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लावलं.

“सांगा आता. कोण आहे ती?”

“कोण ती?”

नवऱ्यानं खिशातून हात काढला आणि एक पितळी हँडल ओट्यावर ठेवलं. हे आतल्या बाजूचं. त्याला लांब स्क्रू हवे होते. ते संपले होते, आणि रविवारी दाराला आशीर्वाद द्यायचा म्हणून फादर घाई करत होते. मग त्यानं हाताला लागले ते आखूड स्क्रू मारले. आज पापनिवेदन आटोपून तो उठला, हँडल ओढलं, ते हातात आलं.

“फादरांनी विचारलं, हे असं कसं निघालं? गावभर होणार होतं, बिनचूकचं दार अडकलं म्हणून. मी सरळ परत जाळीपुढे बसलो. म्हटलं, फादर, एक पाप सांगायचं राहिलं.”

“म्हणजे आता त्यांना...”

“मरेपर्यंत बोलता येणार नाही.”

“म्हणजे बाईबिई काही नाही?”

“आखूड स्क्रू.”

बायको स्टुलावर बसली आणि रडता रडता हसायला लागली. मग तिला थोडा रागही आला. एवढ्या काळजीला एवढंसं पाप! तिनं डोळे पुसले आणि बेकरीवालीचं सगळं बोलणं त्याला सांगितलं. नवरा कावराबावरा झाला.

“मग मी उद्या सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकतो. लोक काय काय समजत असतील!”

“खबरदार!” बायको म्हणाली. “लग्न लागेपर्यंत तुम्ही पापी आहात.”

फादरांनी प्रायश्चित्त दिलं होतं ते एकच: हँडल लांब स्क्रूनं घट्ट बसवणं. पण नवरा हत्यारांची पेटी घेऊन चर्चमध्ये शिरला असता तर सगळं बिंग फुटलं असतं. म्हणून पुढच्या शनिवारी त्यानं स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले, स्क्रू ड्रायव्हर मोज्यात खोचला आणि जरा लंगडतच रांगेत येऊन बसला. त्याचं लंगडणं पाहून लोकांनी त्याला आदरानं पुढे जाऊ दिलं. लाल दिवा लागला. थोड्या वेळानं दारातून बारीक, चिवट आवाज येऊ लागला. कर्र... कर्र... कर्र...

“दात खातायत बिचारे,” बेकरीवाली बायकोच्या कानात म्हणाली. “किती मनापासून हो! विहीणबाई, असे व्याही मिळायला नशीब लागतं.”

बायकोनं नुसती मान हलवली. आठवडाभरात तिच्या स्वतःच्या खात्यावर बरंच काही साठलं होतं, आणि हँडल एकदा नीट बसलं की त्यानंतर तिचाच नंबर होता.