बारा फुटी साहेब

सकाळी दात घासत अंगणात आलेल्या हर्षाला समोरच्या बसथांब्यावर स्वतःचंच बारा फुटी तोंड दिसलं आणि तिनं निम्मी पेस्ट गिळली.

फ्लेक्सवर ती हात जोडून उभी होती. अंगात भलत्याच कुणा बाईचा काळा कोट चिकटवलेला होता. खाली ठसठशीत अक्षरं होती, 'नव्या सोनपारची शान! शिक्षण विभागात साहेब झाल्याबद्दल कु. हर्षाचे हार्दिक अभिनंदन!'

"बाबाऽऽ! हे काय होय?"

संघपाल एसटीत कंडक्टर. दिवसभर लोकांना 'पुढं सरका' म्हणणारा माणूस, पण लेकीपुढे तो आपणच मागे सरकला. "मी नाही लावला व. आपल्या गावच्या चंदननं लावला. पवनीत त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे ना, त्याले लई खुशी झाली."

"पण साहेब झाली म्हणून कोणी सांगितलं त्याले?"

"मी कोठं सांगितलं? गाडीत लोकं पुसत, पोरगी कोठं लागली? मी म्हणलो, शिक्षणात. ते म्हणत, साहेब का? मी तिकीट काढून राहिलो होतो. काही बोललो नाही."

"'नाही' असं तरी कोठं म्हणले?"

आता खरी गोष्ट ऐका. भंडाऱ्याच्या कॉलेजात हर्षा शेवटच्या वर्षाला असताना एका संस्थेची माणसं आली होती. पदवी झाली की दोन वर्षं गावच्या शाळेत शिकवा, हीसुद्धा लोकांची सेवाच आहे, असं त्यांनी सांगितलं. निम्मा वर्ग मोबाइलात डोकं खुपसून बसला होता, हर्षाचे मात्र कान टवकारले. तिची निवडही झाली. आणि या बहाद्दरणीनं शाळा मागून घेतली ती कुठली, तर आपल्याच गावची! येत्या सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. बापानं मात्र त्याच सोमवारी तिला नागपूरच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासात नेऊन टाकायचं पक्कं केलं होतं.

"मास्तरीनच होवाचं होतं, तं तुले एवढी शिकवली काहून?" तो रोज विचारी.

"मले मास्तरानंच शिकवलं ना? साहेब आला होता का बाराखडी घ्याले?" ती रोज उत्तर देई. मग तिची आई सरिता दोघांच्या मधे भाताची ताटं ठेवी.

फ्लेक्स लागला त्या दिवशी ताटं ठेवायलाही उसंत मिळाली नाही. आठ वाजता म्हातारे देवाजी काठी टेकत आले. हर्षाला त्यांनी कडेवर खेळवलेलं, पण आज एकदम अहोजाहो. "सायेब, जय भीम. शाळेची स्लॅब गळते. जरा पाहा ना."

"आजोबा, मी साहेब नाही..."

"समजलो, समजलो. आज तुमची सुट्टी असन. उद्या पाहा."

त्यांच्यामागून शाळेत खिचडी शिजवणारी तुळसाबाई. "बाप्पा, स्लॅबचं पाणी डायरेक खिचडीच्या गंजात पडते! पोट्टे म्हणते, तुळसाबाईनं खिचडी पातळ केली. माही इज्जत गेली ना, सायेब!"

जुनं सोनपार गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हणून हे नवं बसलं. पण पाण्यानं काही गावाचा पिच्छा सोडला नव्हता. खालून हाकललं, तर आता वरून गळत होतं.

दुपारी खुद्द गुरुजींचा निरोप आला. चार वर्गांना मिळून हा एकच जीव. बसमधून येताना त्यांनी फ्लेक्स वाचला होता आणि आता तपासणी होणार म्हणून त्यांचं धाबं दणाणलं होतं. 'साहेबांनी सत्काराला यावं.'

"जाते अन् सगळं खरं सांगते," हर्षा चप्पल घालत म्हणाली.

"एक दिवस तं राहू दे व," संघपाल मागून धावला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "माह्या बापाले कोणत्या हापिसात कोणी बस म्हणलं नाही, हर्षा. तुले खुर्चीवर पाहाचं होतं मले."

हर्षानं त्याचा हात धरला. पण पाय काही थांबले नाहीत.

शाळेत रांगोळी होती, तेल लावून चापून बसवलेली पोरं होती, आणि निम्मं गाव होतं. खुर्ची एकच होती आणि तिचा पाय मोडका, म्हणून गुरुजींनी ती भिंतीला टेकवून ठेवली होती. गळतीखालची बादली त्यांनी टेबलाखाली दडवली होती. त्यामुळे शाल देताना छतानं गुरुजींच्या टकलावर बरोबर नेम धरला. टप्प! गुरुजी हसले. टप्प! पोरंही हसली.

हर्षानं शाल काढली आणि गुरुजींच्याच डोक्यावर टाकली.

"ऐका. मी साहेब नाही. होणारबी नाही. सोमवारपासून मी या शाळेत शिकवाले येऊन राहिली. ज्याले फ्लेक्स उतरवाचा असन, त्यानं आत्ता उतरवा!"

संघपाल दारामागे गेला. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

शेवटी देवाजींनी काठी आपटली. "म्हणजे तू येथंच थांबशीन? साहेबावानी चहा पिऊन निघून जाशीन नाही ना?"

"दोन वर्षं थांबीन, आजोबा."

"अरे मंग हे तं साहेबापेक्षा मोठं झालं ना! साहेब आले किती अन् गेले किती. थांबलं कोण?" म्हाताऱ्यानं दाराकडे पाहिलं. "काय गा संघपाल, लपतो काहून? तुही पोरगी होय ना?"

"माहीच होय," दारामागून आवाज आला. जरा वेळानं माणूसही आला.

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला, पण वाया नाही गेला. चंदननंच तो वर्गात स्लॅबखाली चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणून बांधला, चित्राची बाजू खाली करून. सोमवारी नागपूरची गाडी तिला न घेताच गेली, आणि हर्षा कोटातल्या हर्षाखाली उभी राहून बेरीज शिकवू लागली.

एक दिवस पाऊस धो धो कोसळला. वरचं पाणी फ्लेक्सात साचलं आणि कोटातलं पोट तट्ट फुगून खाली आलं.

"मॅडम, सायेब फुगले!" पोरं किंचाळली.

तेवढ्यात खाकी कपड्यांतला एक माणूस ड्युटीवरून थेट वर्गात शिरला. त्यानं कोपऱ्यातला बांबू उचलला, फ्लेक्सच्या बरोबर पोटात ढोसला आणि सगळं पाणी खिडकीबाहेर लोटलं.

"सरका सायेब, पुढं सरका," संघपाल ओरडला. "मॅडमले शिकवू द्या!"