दोन मसुदे आणि एक कान

काकूंना निर्णय घ्यायचा होता आणि काकांनी तो 'हो' आणि 'नाही' अशा दोन्ही प्रकारे छापून ठेवला, इथून सगळा घोळ सुरू झाला.

काकू म्हणजे पाळणाघराच्या काकू. दोन खोल्या, एक सशांची आणि एक चिमण्यांची, मधे व्हरांडा, बावीस मुलं आणि मदतीला एक ताई, एवढा त्यांचा संसार. मुलांचे आईबापच काय, आजीआजोबासुद्धा त्यांना काकूच म्हणत. काका हे त्यांचे यजमान, एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात दूध नासलं की ते "दूध नासल्याचे निदर्शनास आले आहे" असंच म्हणत.

प्रश्न असा होता, की पाळणाघरात यायचं तर मुलाला लहानांसाठी नव्याने आलेली कोविडची लस दिलेलीच हवी, असा नियम करायचा की नाही? निम्मे पालक म्हणत होते करा, निम्मे म्हणत होते करून तर बघा. काकू दोन आठवडे दोन्हीकडच्यांना "बघते हं" म्हणत होत्या.

खरं सांगायचं तर काकूंना नियम हवा होता, आणि त्याला कारण होती बारकी. साडेतीन वर्षांची, काडीसारखी पोर. मोठ्या आजारपणातून आणि त्याहून मोठ्या औषधांतून नुकतीच बाहेर आलेली. तिला स्वतःला लस इतक्यात देता येणार नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पाळणाघरात पाठवा, पण आजूबाजूच्या मुलांची लस झालेली असली तर बरं. सध्या ती खिडकीजवळच्या गादीवर रोज फक्त दुपारची सवयीपुरती येत होती. तिची आई टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या नोकरीत होती. सगळी रजा संपली होती. पहिल्या तारखेला पूर्ण वेळ हजर व्हा, नाहीतर दुसरी नोकरी बघा, असं तिला स्वच्छ कळवलं होतं.

"काकू, कुणाला सांगू नका मात्र," ती म्हणाली होती. "हॉस्पिटलात सगळे तिच्याशी कुजबुजत बोलायचे. इथे तिच्यावर कुणीतरी ओरडू दे एकदा."

काकूंनी शब्द दिला. त्यामुळे नियम का हवा, हे त्यांना सांगता येईना, आणि न सांगता नियम केला तर निम्मी मुलं जातील, या भीतीने नियमही करता येईना.

"दोन्ही मसुदे तयार ठेवतो," काका म्हणाले. "आमच्याकडे पद्धतच होती. मंजुरीचा एक, नामंजुरीचा एक. साहेबांनी फक्त बोट ठेवायचं."

"मग मी उद्या सकाळी बोट ठेवते."

काकांनी 'लस आवश्यक' असे बावीस आणि 'लस ऐच्छिक' असे बावीस कागद छापले. वेळ वाचावा म्हणून चव्वेचाळीसही कागदांवर काकूंच्या सहीचा शिक्का मारला आणि दोन गठ्ठे टेबलावर ठेवून ते झोपले.

सकाळी ताई आल्या. त्यांनी पाहिलं, गठ्ठे दोन, खोल्या दोन. माणूस आणखी काय समजणार? एक गठ्ठा त्यांनी सशांच्या खोलीत नेला, दुसरा चिमण्यांच्या, आणि प्रत्येक मुलाच्या डायरीत एकेक कागद चिकटवून टाकला. बावीस कागद उरले. एका बाजूने कोरे, चांगल्या जाडीचे कागद टाकून द्यायला ताईंचा जीव होईना. त्यांनी ते मुलांना चित्रं काढायला दिले.

काकू अंघोळ करून, मन घट्ट करून बोट ठेवायला आल्या, तेव्हा टेबल स्वच्छ होतं. काकांनीच गठ्ठे उचलून ठेवले असतील म्हणून त्या कामाला लागल्या, आणि खरा प्रकार कळेतोवर संध्याकाळ होऊन मुलं घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ही गर्दी. सशांच्या खोलीत 'आवश्यक' गेलं होतं, चिमण्यांच्या खोलीत 'ऐच्छिक', आणि निम्म्या लोकांच्या वाट्याला नेमकं जे नको होतं तेच आलं होतं. सगळ्यांत पुढे होते सशांच्या खोलीतल्या गब्दुलचे बाबा. हे गृहस्थ मोटार चालवायला शिकवत. शिकवणाऱ्याच्या बाजूला गाडीत एक जादा ब्रेक असतो, तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला सवयच लागली होती. रागावले की ते जमिनीवर ब्रेक दाबत.

"सक्ती?" त्यांनी ब्रेक दाबला. "माझ्या पोराच्या दंडात काय टोचायचं ते हे कागद ठरवणार? लस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मला कुणी 'केलंच पाहिजे' म्हटलं ना, काकू, की माझं डोकं फिरतं."

"आणि आमच्या डायरीत 'ऐच्छिक' कसं?" दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांना बाजूला सारत म्हणाल्या. "शिवाय माझ्या मुलीच्या हत्तीच्या मागे 'आवश्यक' लिहिलंय! मी हत्तीचं ऐकू की डायरीचं?"

काकूंना ब्रह्मांड आठवलं. "अहो, चुकून झालं, दोन्ही मागे घेते," असं त्या म्हणणार, तेवढ्यात काका पुढे झाले.

"परिपत्रक मागे घेता येत नाही," ते हळूच म्हणाले. "बत्तीस वर्षांत आम्ही एकही मागे घेतलं नाही. खुलासा काढायचा." आणि मोठ्याने म्हणाले, "दोन्ही नियम आपापल्या खोलीपुरते लागू आहेत. ज्यांना खोली बदलायची असेल त्यांनी अर्ज करावा!"

लोक पांगू लागले. अर्ज म्हटलं की माणूस निम्मा थंड होतो. दुपारपर्यंत अकरा अर्ज आले, आणि सोमवारी पाहतात तर लस झालेली सगळी मुलं सशांच्या खोलीत आणि बाकीची चिमण्यांच्या! कुणाशी भांडण नाही, कुणी पाळणाघर सोडलं नाही. बारकी सशांमध्येच होती, आणि तिच्या भोवती आता डॉक्टरांनी सांगितली होती तशीच मुलं. काकूंना इतका आनंद झाला, की त्यांनी काकांना न मागता दुसरा चहा दिला.

तो आनंद दुपारी दीड वाजेपर्यंत टिकला. दीड ही मुलांच्या झोपेची वेळ.

गब्दुल हा चार वर्षांचा, नावाप्रमाणे गुबगुबीत आणि एरवी देवमाणूस. पण त्याला झोपताना कुणाच्या तरी कानाची पाळी चिमटीत धरायला लागे. पंधरा दिवसांपासून तो कान बारकीचा होता. बारकी मुकाट्याने कान द्यायची आणि दोघं पाच मिनिटांत ठार झोपायची. आता गब्दुल चिमण्यांच्या खोलीत आणि बारकी व्हरांड्याच्या पलीकडे होती.

गब्दुलने शेजारच्या मुलाचा कान धरून पाहिला. तो मुलगा किंचाळला. त्या किंकाळीने सगळ्या चिमण्या उठल्या. त्यांच्या आवाजाने पलीकडचे ससे उठले. ताईंनी आपला कान दिला, तर गब्दुल म्हणाला, "टोचतंय," कारण त्यात कुडी होती. शेवटी काका छोट्या गादीवर पाय बाहेर काढून आडवे झाले.

"घे बाळा, हा धर."

गब्दुलने चाचपून पाहिलं. "यात केस आहेत."

"असू देत. डोळे मीट."

दहा मिनिटांनी खोलीत एकच माणूस झोपला होता, ते म्हणजे काका.

असे चार दिवस गेले. दुपारची झोप नाही, म्हणून गब्दुल घरी संध्याकाळी सहालाच तोंडात घास धरून झोपायचा आणि पहाटे चारला ताजातवाना उठून बाबांचा कान धरायचा. चौथ्या दिवशी बाबांना गाडीतच डुलकी लागली. शिकणारी बाई फार आज्ञाधारक होती. "वळा" म्हणेपर्यंत वळायचं नाही, असं तिला त्यांनीच शिकवलं होतं. बाबांना जाग आली तेव्हा गाडी गावाबाहेर तीस किलोमीटरवर सरळ चालली होती. बाई म्हणाली, "सर, आज तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. बरं जमतंय ना मला?"

त्याच संध्याकाळी लाल झालेले कान आणि तेरा पालकांच्या सह्यांचा कागद घेऊन ते काकूंसमोर उभे राहिले. दोन्ही नियम रद्द करा, मुलं पहिल्यासारखी एकत्र करा, असा अर्ज होता. तेरा म्हणजे बावीसमध्ये निम्म्याहून जास्त. झोपमोड झालेल्या मुलांच्या आईबापांना मतं उरली नव्हती.

काकूंनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मुलं एकत्र केली की बारकीचं येणं बंद. आणि बारकीच्या आईला नोकरीवर हजर होणार की नाही, ते उद्या सकाळीच कळवायचं होतं.

"नाही करता येणार हो," काकू म्हणाल्या.

"का पण? बरं, मग ती एकटी मुलगी तरी आमच्या खोलीत आणा. फक्त दुपारची."

"तिला तर मुळीच नाही."

"असं काय सोनं लागलंय तिला? तिच्या आईला एवढी लशीची हौस असेल, तर घरी..."

"तिची लस झालेली नाही," दारातून आवाज आला. बारकीची आई तिला न्यायला आली होती.

"काय?" गब्दुलच्या बाबांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. "सशांच्या खोलीत बिनलशीची? आम्हाला बाहेर काढलंत आणि..."

"तिला देताच येत नाही. म्हणून तर बाकीच्यांची हवी." दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन गोड बोलायची सवय असलेली ती बाई, पण या दोन वाक्यांत तिचा आवाज फाटला. मग तिने सगळं सांगितलं. आजारपण, औषधं, डॉक्टरांचं म्हणणं, पहिली तारीख. "तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही हो. माझी मुलगी धडधाकट असती तर मीही कदाचित तुमच्याच कागदावर सही केली असती. पण उद्या मला 'येते' म्हणून सांगायचंय, आणि आता काय सांगू ते मला कळत नाही."

गब्दुलचे बाबा कानाला हात लावून उभे राहिले.

"हे आधी का नाही सांगितलंत, काकू?"

"शब्द दिला होता."

"आणि हा पोरगा रोज तिच्या तोंडाजवळ तोंड ठेवून झोपायचा." त्यांनी सह्यांच्या कागदाची चार वेळा घडी घातली आणि तो खिशात कोंबला. "तुम्ही नोकरीवर 'येते' म्हणून सांगा, बारकीच्या आई. उद्या गब्दुलला दवाखान्यात नेतो. पण एक गोष्ट लिहून ठेवा, काका. मी हे ऐच्छिक कागदावर करतोय. माझ्यावर कुणीही सक्ती केलेली नाही."

"तशी नोंद घेतो," काका म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच घेतली.

ही बातमी बारकीच्या आईच्याच परवानगीने सगळीकडे गेली. मग चिमण्यांच्या खोलीतले पालक एकेक करून आले, आणि प्रत्येकाने बजावून सांगितलं की आपण आपल्या मर्जीने करतोय. तीन घरं मात्र तयार झाली नाहीत. काकूंनी त्यांना कारण विचारलं नाही. ती तीन मुलं चिमण्यांच्या खोलीत ताईंबरोबर ऐसपैस राहू लागली. नियम करायचा की नाही, हे काकूंनी ठरवलंच नाही.

लशीनंतर डॉक्टरांनी थांबायला सांगितलेले दिवस संपले आणि गब्दुल सशांच्या खोलीत परतला. बारकीची आई केव्हाच कामावर जाऊ लागली होती. गब्दुलच्या बाबांनी त्या दुपारी एक शिकवणी पुढे ढकलली आणि ते दाराच्या फटीतून बघत थांबले. गब्दुल गादीवर आडवा झाला, समाधानाने सुस्कारा सोडला आणि त्याने हात लांब केला.

बारकीने हात झटकला. "नको."

"कान," गब्दुल म्हणाला.

"माझाय." आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

बाबा आतच आले. गुडघे टेकून म्हणाले, "अगं बाळ, अगं राणी, तुझ्या या कानासाठी आम्ही किती... पोराला टोचून आणलं गं! थोडाच वेळ दे. नाही कसं म्हणतेस, दिलाच पाहिजे तुला!"

"अहो," काकू दारातून म्हणाल्या, "सक्ती नाही करता यायची."

गब्दुलचा ओठ थरथरू लागला. खोलीतली बाकीची मुलं श्वास धरून बघत होती, आणि काका आपल्या कानावरून हात फिरवत पुढे यायच्या बेतात होते.

बारकी गब्दुलच्या ओठाकडे बघत राहिली. मग तिने उजव्या कानावरचा हात काढला, उशी ओढत ओढत त्याच्या गादीला लावली आणि डोकं टेकवलं.

"हलू," ती म्हणाली.

पाच मिनिटांत दोघं झोपली. गब्दुलचे बाबा चोरपावलांनी बाहेर आले, व्हरांड्यात चपला शोधू लागले, आणि बराच वेळ त्यांना त्या दिसेनात, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.