वाचक (चालू स्थितीत)

शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात लोक येतात आणि पुस्तकं वाचतात, ही गोष्ट वरिष्ठ कार्यालयाच्या लक्षात यायला साठ वर्षं लागली. पण एकदा लक्षात आल्यावर मात्र त्यांनी अजिबात वेळ दवडला नाही. पंधरा दिवसांत पत्र आलं: 'आपल्या ग्रंथालयात येणारे नागरिक केवळ वाचन करून परत जात असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यातून त्यांच्यात भावी अध्ययनाची कोणती कौशल्ये विकसित होतात, याचा खुलासा आठ दिवसांत सादर करावा.'

ग्रंथपालबाईंनी पत्र दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ खुलासे दिले होते. वाळवीचे, गळक्या छपराचे, एकदा तर कपाटात व्यालेल्या मांजरीचासुद्धा. पण माणसं वाचतात याचा खुलासा काय द्यायचा, हे त्यांना सुचेना. 'वाचल्याने वाचता येते,' असं त्यांनी नम्रपणे कळवलं. उत्तर असमाधानकारक ठरलं आणि पाठोपाठ कौशल्यसाहेब दाखल झाले.

साहेबांचं खरं पदनाम इतकं लांब होतं की ओळखपत्रावर सुरू होऊन ते मागच्या बाजूला संपत असे, म्हणून सगळे त्यांना कौशल्यसाहेबच म्हणत. माणूस वाईट नव्हता हो. हसतमुख, उत्साही, आणि ज्या खोलीत शिरेल तिथल्या खुर्च्या गोलात मांडायची भारी हौस.

"बाई, इथून पुढे आपण पुस्तकं द्यायची नाहीत. आपण वाढ द्यायची," साहेब म्हणाले.

"कोणाची?"

"नागरिकांची! आत येताना मोजायचं, बाहेर जाताना मोजायचं. मधला फरक म्हणजे आपलं काम."

झालं. दारातच प्रवेशचाचणी सुरू झाली. 'आपणांस कुतूहल वाटते काय? किती? आपण अडचण स्वतः सोडवता काय? दुसऱ्याशी सहकार्य करता काय?' प्रत्येकाला दहापैकी गुण. बाहेर पडताना पुन्हा तेच प्रश्न. पहिल्या महिन्यात 'सर्वाधिक वाढ झालेला नागरिक' म्हणून ज्यांचा फोटो लागला, ते गृहस्थ स्वच्छतागृह शोधत आत आले होते. येताना त्यांना कशाचंही कुतूहल नव्हतं. नंतर त्यांनी शिपायाला विचारून सहकार्य साधलं, अडचण स्वतः सोडवली आणि निघताना इतके प्रसन्न होते की सगळीकडे दहा लिहून गेले.

घोळ झाला तो घड्याळकाकांचा. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले हे काका रोज दहाच्या ठोक्याला येत आणि घड्याळांच्या इतिहासाचे पाच जाडजूड खंड ओळीने वाचत. ग्रंथ संदर्भविभागातले, घरी न्यायची सोय नाही. चार खंड संपले होते, पाचव्यातली चारशे तीस पानं उरली होती. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "चार महिने धरून चाला. पुढचं मी सांगू शकत नाही." हे फक्त बाईंना माहीत होतं.

काका आत येताना कुतूहलापुढे दहा लिहीत आणि बाहेर जातानाही दहाच लिहीत. फरक शून्य. रोज शून्य. एकट्या काकांमुळे ग्रंथालयाची सरासरी घसरली.

"काका, माझं ऐका," बाई हळूच म्हणाल्या. "आत येताना दोन लिहा. काय जातंय तुमचं?"

"अहो, कुतूहल आहे म्हणून तर रोज पायपीट करत येतो मी. नाही असं कसं लिहू?"

"सगळे लिहितात. परवा एक प्राध्यापक स्वतःला अक्षरओळख नाही असं लिहून आत गेले."

"मग त्यांची वाढ होऊ द्या. मला माझं पुस्तक द्या," काका म्हणाले आणि पुन्हा दहा लिहून मोकळे झाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या कार्डावर शिक्का बसला: 'वाढीस अपात्र', आणि त्यांचं आत येणं बंद झालं. बाईंना त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

इकडे साहेबांनी आकडे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की खरा अडथळा काका नसून पुस्तकं आहेत. एक पुस्तक वाचायला माणसाला आठ-आठ दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात चोवीस कार्यशाळा होतात! तळमजला रिकामा झाला. खुर्च्या गोलात मांडल्या गेल्या, रंगीत चिठ्ठ्या भिंतींवर चिकटल्या, आणि 'कसे शिकावे हे शिकण्याची पूर्वतयारी' या विषयावर माणसं तासन्‌तास फुगे फुगवू लागली. पुस्तकं वरच्या मजल्यावरच्या वस्तुसंग्रहालयात गेली. तिथे त्यांना काचेची कपाटं मिळाली आणि पाटी मिळाली: 'ग्रंथ. उपयोग: वाचणे. हात लावू नये.' संग्रहालयाचाही कार्यभार बाईंकडेच आला.

संग्रहालयात चाचणी नव्हती. दुसऱ्याच दिवशी काका वर हजर! पाचवा खंड काचेत, काका थांबले होते त्याच पानावर, बाईंनी उघडा ठेवलेला होता. काकांनी चष्मा पुसला, काचेला नाक लावलं, दोन पानं वाचली आणि बाईंकडे पाहिलं.

आता पुढचं पान?

बाईंनी जतनाची नियमावली काढली. अठराव्या कलमात लिहिलं होतं, 'उजेडाने शाई उडू नये यासाठी प्रदर्शनातील ग्रंथाचे पान अधूनमधून उलटावे.' संग्रहालयवाले वर्षातून एकदा उलटत. बाईंनी ठरवलं, अधूनमधून म्हणजे दर अर्ध्या तासाने. पांढरे हातमोजे चढवायचे, कुलूप काढायचं, पान उलटायचं, कुलूप लावायचं आणि नोंदवहीत लिहायचं, 'पान उलटले.' काका वाचून झालं की काचेवर टिचकी मारत. गुडघे दुखायचे बाईंचे, पण त्या एका टिचकीसाठी उठावंसं वाटायचं.

हळूहळू लोक जमू लागले. फुगे फुगवून दमलेली कुटुंबं वर यायची आणि काकांभोवती उभी राहायची.

"आई, ते आजोबा काय करतायत?"

"वाचतायत, बाळा. पूर्वी लोक असं करायचे."

"मग हलत का नाहीत?"

"हळू बोल. बंद पडतील."

गर्दीची बातमी साहेबांपर्यंत पोहोचली आणि ते तडक वर आले. नोंदवहीत शंभराच्या वर 'पान उलटले' होतं, नोकरी जायला तेवढं पुरे होतं. साहेबांनी काकांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, वही पाहिली. मग ते बाईंकडे वळले.

"बाई, हा नमुना कुठे मिळाला?"

"नमुना नाही, साहेब. काका आहेत."

"सलग किती वेळ चालतो?"

आयुष्यात बाई पहिल्यांदाच साहेबांच्या भाषेत बोलल्या. "दिवसाला सहा तास. देखभाल नगण्य. पण काचेबाहेर असल्याने कार्यक्षमता घटते आहे."

आठवडाभरात मंजुरी आली. कोपऱ्यात काचेची खोली उभी राहिली. डोळ्यांना त्रास न देणारा उजेड, पाठीला आधार देणारी खुर्ची, टेबल, आणि टेबलावर पाचवा खंड. नियमाप्रमाणे प्रदर्शित वस्तूची वाढ मोजता येत नाही, तेव्हा चाचणीचा प्रश्नच मिटला. बाहेर पाटी लागली: 'वाचक (चालू स्थितीत). काळ: अलीकडचा. प्रश्न विचारू नयेत.'

"बाई, इतक्या वर्षांत मला वाचताना कुणीच मध्ये न बोलण्याची ही पहिलीच वेळ," काका म्हणाले. आता ते स्वतःच्या बोटांनी पानं उलटत होते.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस ओळी पुसट होऊ लागल्या. शेवटची बारा पानं काकांनी भिंगातून वाचली, एकेक शब्द करत, आणि काचेबाहेर बाई काम सोडून उभ्या राहिल्या. पुस्तक मिटल्यावर काका बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले. मग बाहेर आले.

"संपलं?" बाईंनी विचारलं.

"संपलं. माझ्या डोळ्यांनी संपलं," काका म्हणाले आणि बाईंचा हात धरून जिना उतरले.

साहेबांनी लगेच रिक्त जागेची जाहिरात दिली. 'पाहिजे: वाचक. पात्रता: चार पानांचा मजकूर मध्ये न उठता, फोन न बघता, शेवटापर्यंत वाचता येणे.' चारशे अर्ज आले. त्यात तळमजल्यावर पहिले आलेले सगळे होते. एकही टिकला नाही. बहुतेक जण दुसऱ्या पानावरच गळले, आणि एकाने तर मजकुराचा सारांश मागितला.

खुर्ची अजून रिकामी आहे. बाईंनी निवडपरीक्षेचा मजकूर बदलला आहे, आणि तो म्हणजे आता तुम्ही वाचलात तोच. इथवर फोनला हात न लावता आला असाल तर उद्या दहाला वर या, काच पुसून ठेवली आहे. लावला असेल तर लाजू नका. खाली कार्यशाळा आहे, खुर्च्या गोलात आहेत, आणि तुमच्या वाढीला भरपूर वाव आहे.