चौसष्टशे टक्के मावशी

या, जरा जवळ या. एक गोष्ट सांगतो, ऐकण्यासारखी आहे. अजून थोडे जवळ. बस्स, तिथेच. याहून पुढे सरकलात तर तुम्हाला माझी नुसती नाकपुडी दिसेल, आणि गोष्ट नेमकी त्याचीच आहे.

देवाने माणसाला डोळे दिले ही त्याची कृपा. पण त्या डोळ्यांपुढे ग्रिड दिली नाही, एवढी एक त्रुटी त्याच्या कामात राहून गेली. (देवाच्या चुका काढतो म्हणून रागावू नका. मी रोज त्याला हात जोडतो, आणि माझा स्वभाव त्यानेच घडवला आहे.) सदर त्रुटी चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरने दूर केली. ग्रिड म्हणजे पडद्यावरची बारीक चौकटींची जाळी. ती छापली जात नाही, कापली जात नाही, गिऱ्हाइकाला जन्मात दिसत नाही. साहजिकच सगळ्यात जास्त मेहनत तिच्यावर घ्यावी लागते.

मी पाट्यांच्या दुकानात डिझायनर आहे. दारावरची नावे, दुकानांचे फलक, ‘येथे वाहने लावू नयेत’ (याच्याखाली वाहने लावतात). मी पडद्यावर रेषा काढायच्या आणि आतल्या खोलीतल्या मशीनने त्या रंगीत चिकटपट्टीतून कापायच्या, अशी कामाची विभागणी आहे. मशीन ताई चालवते. ती वयाने सगळ्यांत लहान, पण पाते फिरू लागले की मालकसुद्धा तिला अहोजाहो करतात.

ग्रिडच्या रेषांचा रंग कोणता असावा, हे ठरवण्यासाठी मी एक समिती नेमली होती. अध्यक्ष मी, सदस्य मी, आणि विरोधी मत नोंदवून सभात्याग करणाराही मीच. राखाडी रंग दिसत नाही, निळ्याने झोप येते, आणि लाल रंगाची जाळी घरच्यांसारखी आपल्याकडेच बघत राहते, असे समितीला आढळले. शेवटी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मुळात ठेवलेला रंगच सर्वानुमते मंजूर झाला. मग चौकटींमधले अंतर, मग चौकटीतल्या उपचौकटी, मग जाळी चित्राच्या पुढे हवी की मागे. माझ्या क्षेत्रातील एका पाहणीनुसार (पाहणी मी केली, खुर्चीवरून न उठता) डिझायनरचा निम्मा वेळ काम करण्याची तयारी करण्यात जातो. उरलेला निम्मा ती तयारी मोडून पुन्हा करण्यात जातो. काम मधल्या फटीत होते.

अशा सुव्यवस्थित वातावरणात मावशीचे प्रकरण माझ्याकडे आले.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी. ती आणि काका मिळून शिलाईचे दुकान चालवत. माप तिने घ्यायचे, मशीन काकांनी मारायची. टाचण्या ती तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरायची आणि तशीच गिऱ्हाइकाशी बोलायची. काका आतून ओरडायचे, “आधी टाचण्या काढ तोंडातल्या, मग बोल!” ती काढायची नाही. उजवी बाजू अशी कायमची कामात गुंतलेली, त्यामुळे हसायची ती डाव्या बाजूने. पुढे पुढे टाचण्या नसल्या तरी हसू डावीकडेच वर जायचे.

मावशी गेली तेव्हापासून दुकानाचे शटर खाली होते. त्या दिवशी काका फोटो घेऊन आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

“हिला पाटीवर काढ. दारावर ती दिसली, तर शटर वर करतो. नाहीतर मशिनी देऊन टाकतो कुणाला तरी. मला एकट्याला त्या खोलीत बसवत नाही रे.”

“काढतो की काका. अशी काढतो, की—”

“अशी तशी नको. तिच्यासारखी काढ. उद्या दुपारी येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटोवरून कच्च्या रेषा ओढल्या. चहा यायच्या आत चेहरा तयार. इतक्या लवकर झालेल्या कामावर कोणता जबाबदार माणूस विश्वास ठेवील? तेवढ्यात आतून ताईने हाक मारली, “दादा, पातं बदललंय. काहीही पाठवा, कापून बघते.” मी तोच कच्चा चेहरा पाठवला आणि खऱ्या कामाला लागलो. म्हणजे ग्रिड चालू केली.

आता इथे ‘ग्रिडला चिकटा’ नावाची एक सोय समजून घ्यावी लागेल. ती चालू असली की चित्रातला कुठलाही बिंदू हलवा, तो स्वतःची जागा सोडून जवळच्या रेषेवर टुणकन जाऊन बसतो. इतका आज्ञाधारकपणा मी माझ्या घरात कुणात पाहिलेला नाही. (घरच्यांचे माझ्याबद्दल हेच मत आहे.)

आणि झूम! झूमचे माझ्यावर फार उपकार आहेत. झूमचा पहिला नियम असा, की जितके जवळ जावे तितके दोष वाढतात. दुसरा नियम असा, की दोष वाढले की आणखी जवळ जावे लागते. तिसरा नियम बहुधा बाहेर येण्याविषयी आहे. तो वाचण्यापुरता मी कधी बाहेर आलो नाही.

झूम वाढवत वाढवत मी चौसष्टशे टक्क्यांवर पोहोचलो. त्यापुढे सॉफ्टवेअर जात नाही. त्याचीही एक सहनशक्ती आहे. तिथे मावशी दिसेनाशी झाली आणि पडदाभर तिच्या ओठाचा डावा कोपरा उरला. तो उजव्या कोपऱ्यापेक्षा वर असल्याचे निदर्शनास आले. सदर विसंगती तात्काळ दूर करण्यात आली. टुणकन. मग एक भुवई उंच आढळली. टुणकन. कानांच्या पाळ्या, अंबाड्याचा कल, गळ्याची शिवण. (शिंपिणीच्या गळ्याची शिवण वाकडी! मला तिच्यासाठीच वाईट वाटले.)

मध्येच बायकोचा फोन आला.

“जेवलात का?”

“मावशीच्या नाकावर आहे.”

“उतरा तिथून आणि डबा खा. भाजी गार झाली असेल.”

“डावी नाकपुडी मोठी आहे गं तिची.”

“त्या माउलीने तुमच्या लग्नातले सगळे कपडे शिवून दिले,” बायको म्हणाली. “तुमच्या एका खांद्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.”

मी फोन ठेवला. माझ्या एका खांद्याबद्दल मला हे पहिल्यांदाच कळत होते.

दुपारी काका आले. चेहरा पडद्यावर तयार होता. निर्दोष. मधोमध घडी घातली असती तर दोन्ही बाजू एकमेकींवर तंतोतंत बसल्या असत्या. काकांनी चष्मा पुसला, लावला, काढला, पुन्हा लावला.

“छान आहे,” ते म्हणाले. “कोण ही?”

“काका, मावशी.”

“नाही रे. ही बँकेत असते. आपण खिडकीशी पोचलो की वेळ संपली म्हणून सांगते ती.”

“काका, एक रेष इकडची तिकडे नाही. थांबा, जवळून दाखवतो.”

“जवळून मी बघितलंय तिला,” काका म्हणाले.

त्यांनी फोटो उचलून शर्टाच्या खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू मेहनत केलीस बाळा. राहू दे. बहुतेक माझ्याच नशिबात नाही ते दुकान. उद्या मशिनींचं बघतो. जरा पाणी दे.”

अशा वेळी माणसाने काहीतरी करावे. मी उठून पाणी आणण्याऐवजी ग्रिडमधले अंतर कमी करून पाहू लागलो. पाणी आतल्या खोलीत होते. काकाच उठून गेले.

बराच वेळ ते बाहेर येईनात, म्हणून मी आत डोकावलो. कपांच्या कपाटाच्या दारावर जांभळ्या चिकटपट्टीचा एक उरलेला तुकडा लावलेला होता. त्यातून मावशी हसत होती. डाव्या बाजूने. भुवई वर, अंबाडा कललेला, गळ्याची शिवण वाकडी.

“पातं तपासायला कापलं होतं,” ताई गडबडून सांगत होती. “फेकवेना हो. काम करताना बरं वाटतं. कुणीतरी आपल्याला गंमत सांगायला थांबलंय असं.”

काका पाण्याचा पेला हातात धरून त्या कपाटासमोर उभे होते. ते ताईशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही.

“आधी टाचण्या काढ तोंडातल्या,” ते म्हणाले, “मग बोल.”

समोर पडदा नव्हता, तरी मला डोळ्यांपुढचे नीट दिसेना. (झूम नव्हे, दुसरे कारण.)

तो कच्चा चेहरा पाटीवर लागला आहे आणि शटर वर गेले आहे. माझी निर्दोष बाई मी जपून ठेवली आहे. एखाद्या बँकेला लागली तर देता येईल. ग्रिडही बंद केलेली नाही, माणूस इतक्यात सुधारत नसतो. मात्र दुकानावरून जाताना मी रस्त्याच्या पलीकडूनच बघतो. फार जवळ गेलो तर हात शिवशिवतात.

तुम्ही हसताय. हसा. पण नात्यातल्या कुणाचा फोटो फोनवर आला की दोन बोटांनी तो मोठा करून तुम्ही आधी काय बघता, ते आपण सगळ्यांसमोर नको बोलायला. आत्ता हे ऐकतानासुद्धा माझा एक खांदा खाली आहे का, हे तुम्ही दोनदा पाहून घेतलेत.

आहे. मावशीला तो माहीत होता. तिने शर्टच तसा बेतला, की कुणाच्या लक्षातच येऊ नये. कधी कुणाकडे फार जवळून बघायला निघालात, तर वाटेत तिची तेवढी आठवण ठेवा.