पेशी पास, रंध्रं होल्डवर

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन तास जिभा चालवून सगळे दमले, तेव्हा मुळेकाका उठले आणि म्हणाले, "आता प्रत्येकाने जीभ बाहेर काढून तिची पन्हळ करून दाखवा." आनुवंशिकतेचा धडा चालू होता त्यांचा. वही घेऊन ते रांगेने फिरले. सेक्रेटरींची जीभ काही केल्या वळेना. "वळत नाही," काकांनी लिहून घेतलं, "नुसती चालते."

मुळेकाका आमच्या घराच्या बरोबर वरच्या मजल्यावर एकटे राहतात. खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, गुडघ्यांना तेल लावतात. काकांनी गेल्या वर्षी बुधवार पेठेतून नववी ते बारावीची जीवशास्त्राची जुनी पुस्तकं आणली. आणि मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, हा माझा गुन्हा.

रोज सकाळी सातला बेल. "मॅडम, आपण पेशी पेशी म्हणता. नमुना दाखवा."

नमुना पाहिल्याशिवाय काका काहीही पास करत नाहीत. वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने पेशीचा पुरावा मागितला नव्हता. त्यांना उत्तर बी की सी, एवढंच हवं असतं. शेवटी मी काकांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं आणि कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ते बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "वीटकाम बरं आहे." वहीत नोंद झाली: पेशी, पास.

रंध्रं मात्र होल्डवर राहिली. पानं पाणी बाहेर टाकतात यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी सोसायटीच्या जास्वंदीला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी फलकावर लावलं, झाडांना पिशव्या बांधू नयेत. काका त्यांना म्हणाले, "अहो, पिशवीत पाणी जमलंय ते आधी बघा. मग सूचना लावा. क्रम चुकला तुमचा."

या वयात हे खूळ कशाला, हा प्रश्न सगळ्या सोसायटीला पडला होता. कोणी म्हणालं, शिकवणी काढणार असतील. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. त्यांना सरळ विचारावं असं मात्र कोणाला वाटलं नाही. मलाही नाही, हे कबूल करते.

एका रविवारी आठ वाजता बेल वाजली. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मॅडम, पाच मिनिटं वर येता का? अर्धसूत्री विभाजनात माझी दांडी उडणार आहे."

वर टेबलावर टॅब उभा केलेला. त्यात एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. अमेरिकेतली नात, ईरा.

"आजोबा, रेडी? मायटोसिसमध्ये किती सेल्स होतात?"

"दोन. सारख्या."

"अँड मायोसिस?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चार बोटं दाखवली. "चार," काका म्हणाले, "आणि गुणसूत्रं निम्मी."

"निम्मी मीन्स?"

"हाफ गं."

चाळीस मिनिटं हे चाललं. ती हसत होती, यांना चुका दाखवत होती, मध्येच शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीची तक्रारही सांगून झाली. शेवटी म्हणाली, "गुरुवारी फायनल आहे."

टॅब बंद झाल्यावर काका म्हणाले, "पूर्वी मी विचारायचो, कशी आहेस. ती म्हणायची, फाइन. आणि फोन बापाकडे. मग एकदा तिच्या हातात जीवशास्त्राचं पुस्तक दिसलं. कशी आहेस विचारलं तर एक शब्द मिळतो, मॅडम. पेशी विचारली की चाळीस मिनिटं."

मला माझीच लाज वाटली. सकाळी सातच्या बेलला मी कितीदा आतून कपाळावर हात मारला होता.

पुढच्या रविवारी मी बोलावणं नसताना वर गेले. आठ वाजून गेले होते. टॅब वाजला. "आजोबा, आय गॉट हंड्रेड! सगळं बरोबर!"

"शाब्बास! अरे वा, शाब्बास!" काका खुर्चीतून अर्धवट उठले. मग खाली बसत विचारलं, "आणि बाकी? कशी आहेस?"

"फाइन. हे घ्या, बाबा."

बाबांशी दोन मिनिटं हवापाण्याचं बोलणं झालं. काकांनी टॅब बंद करून कापडाने पुसला.

"सगळं बरोबर आलं तिचं," ते म्हणाले.

"चांगलंच झालं की, काका."

"चांगलंच झालं. पुढच्या वर्षी हा विषय नाही तिला." त्यांनी कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "वाईट चिंतत नाही हो मी. पण एखादा धडा जरा कच्चा राहिला असता, तर रविवारी परत घेतला असता."