पावाच्या सुरीचे दात

"अहो, ते सोडा आणि जरा इकडे या," असं बायकोनं म्हटलं, तेव्हा हेडक्लार्क फ्रिजच्या मागे पालथे पडून तो नेमका कुठून गुरगुरतो ते कान लावून ऐकत होते. हातात पेचकस नव्हता, लोणी लावायचा चमचा होता. कारण मिक्सरच्या प्रकरणानंतर बायकोनं त्यांची हत्यारांची पेटी कपाटात कुलूपबंद केली होती. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दोनच महिने झाले होते. तेवढ्यात मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ आणि न्हाणीघरातला नळ एवढी मंडळी त्यांच्या हातून कामातून गेली होती. ज्या माणसाच्या टेबलावरून उभ्या नोकरीत एक कागद हरवला नाही, त्याला स्वतःच्या घरात उघडलेल्या वस्तूचे स्क्रू सापडत नव्हते.

"ही पावाची सुरी," बायको म्हणाली. ती घरीच ऑर्डरचे केक करून देत असे आणि त्या दिवशी मोठा केक होता. "बोथट झालीय. संध्याकाळी केकचे तीन थर कापायचेत. धार लावाल?"

"मी?"

"मग काय फ्रिजला सांगू? नीट लावलीत तर पेटी परत."

तिनं पेटीतली बारीक गोल कानस आणि धार लावायचा दगड आधीच काढून ठेवला होता. हेडक्लार्कांना भरून आलं. दोन महिन्यांत या घरानं त्यांच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

त्यांनी गॅलरीत बैठक मांडली. दातेरी पात्याला दगडावर सरसकट घासून चालत नाही, एकेका खाचेत कानस फिरवावी लागते, हे त्यांना माहीत होतं. किंबहुना म्हणूनच हे काम आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं. एक खाच पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, मागची खाच पुढे घ्यायची नाही, कुणाचा वशिला चालायचा नाही. तासाभरानं शेवटची खाच हातावेगळी करून त्यांनी पाव कापून पाहिला. सुरी पावात सरळ शिरली आणि मध्येच वळून भलतीकडून बाहेर आली. तुकडा एकीकडे उशीएवढा जाड, दुसरीकडे पापुद्रा.

त्यांनी चष्मा पुसून पातं निरखलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. खाचांचा उतार पात्याच्या एकाच बाजूला होता. दुसरी बाजू सपाट होती, आणि सपाटच ठेवायची होती. त्यांनी नेमकी तीच कानशीनं उकरली होती.

आता दोन्ही बाजू सारख्या केल्या तर सुरी सरळ चालेल, हा विचार कागदावर बिनचूक होता. त्यांनी उताराची बाजूही घासली. काही दात सुळ्यासारखे उभे राहिले, काही बसले. उभे होते ते दगडावर थोडे खाली आणले, तर बसलेले जास्त वाटू लागले. मग बसलेल्यांच्या मापानं उरलेले. मिशी दोन्हीकडून सारखी करायला बसलेल्या माणसाचं जे होतं, तेच झालं. चार वाजता पातं आरशासारखं गुळगुळीत होतं.

शेजारच्या गॅलरीत दातांचे डॉक्टर झाडांना पाणी घालत होते. त्यांनी कठड्यावरून हात पुढे केला. "बघू." सुरी उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिली.

"खालची ओळ पूर्ण गेलीय."

"ओळ एकच असते हो!"

"मग सगळंच गेलंय. नातेवाइकांना सांगितलंत?"

"नातेवाईक आत केक भाजतायत."

"धीरानं सांगा. एकदम नको," डॉक्टर म्हणाले आणि कुंड्यांकडे वळले.

हेडक्लार्क बसूनच राहिले. पेटी गेली, ती आता जन्माची. केक कापला जाणार नाही, ऑर्डर बुडणार, बायकोचं नाव खराब होणार. यापुढे आपण खुर्चीत बसायचं, चहा आला की प्यायचा आणि कुठल्याही वस्तूकडे टक लावून पाहायचं नाही. उरलेलं सगळं आयुष्य त्यांना त्या पात्यासारखं लांब आणि गुळगुळीत दिसू लागलं.

शेवटी ते उठले आणि सुरी ओंजळीत धरून आत गेले.

"अगं, दात गेले."

"कुणाचे?" तिनं वळून पाहिलं. "हां. छान गुळगुळीत झालीय."

"तुझा केक..."

तिनं शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, केकच्या कडेनं गुंडाळला, टोकं एकमेकांवरून घेऊन ओढली. दोरा केकमधून अलगद पार झाला. पुन्हा एकदा ओढला. तीन थर, एकही कण इकडेतिकडे नाही.

"तू नेहमी असाच कापतेस?"

"मग! सुरीनं भुगा होतो."

"आणि ही सुरी?"

"भंगारात टाकायची होती." तिनं फ्रिज उघडून क्रीमचं भांडं काढलं आणि थंड आहे ना ते बोट लावून पाहिलं. "सकाळी तुम्ही याच्या मागे शिरलात ना, म्हटलं, आता याची पाळी."

हेडक्लार्क मटकन स्टुलावर बसले. ऑफिसात लुडबुड करणारा नवा कारकून आला की तेही त्याला रद्दी तारखेनुसार लावायला देत असत. संध्याकाळी पोरं घामाघूम होऊन त्यांचे आभार मानत.

"उद्या काय करणार आहात?" बायकोनं विचारलं. त्यांची नजर नकळत फ्रिजच्या पाठीकडे गेली. तिनं ती टिपली आणि डब्यातून कात्री काढून त्यांच्यापुढे ठेवली. "ही पण बोथट झालीय."

या खेळात पुन्हा पडायचं नाही, असं हेडक्लार्कांनी मनाशी पक्कं केलं. कात्री बाजूला सारायला त्यांनी ती उचलली, तेवढ्यात पाती उघडली. कापडाची कड नागमोडी कापायची कात्री होती ती.

"हिला दात आहेत," ते म्हणाले.

"दोन्ही पात्यांना. जमणार नसेल तर राहू द्या."

हेडक्लार्कांनी मोठा सुस्कारा सोडला आणि कानस जवळ ओढली.

"उतार कुठल्या बाजूला आहे, तेवढं फक्त बघून ठेवतो."